ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी भरण्याआधी

साठी उलटली की कोणीतरी हमखास सुचवते, "आता ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद व्हा, बऱ्याच सवलती मिळतात." यातला सभासद होण्याचा सल्ला विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी दिलेले कारण मात्र बहुतांशी चुकीचे आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठांना मिळणाऱ्या मोठ्या सवलती वयावर मिळतात. संघाची पावती त्यासाठी कोणी मागत नाही.

एसटीचेच घ्या. ६५ पूर्ण झाल्यावर अर्धे तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत प्रवास. वाहकाला दाखवायचे ते वय नोंदलेले सरकारी ओळखपत्र. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू आहे, त्यामुळे कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्याला हद्दीपुढचे पैसे मोजावे लागतात. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, नोंदणी आधारवर होते आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर हे ५ लाख दोघांत मिळून असतात, ही गोष्ट बऱ्याच जणांना दवाखान्यात गेल्यावर कळते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, तीही साठीच्या दाखल्यावर. रेल्वेची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालच्या बर्थचा कोटा मात्र चालू आहे, पुरुषांना ६० पासून आणि स्त्रियांना ४५ पासून. यापैकी एकाही ठिकाणी संघाचे ओळखपत्र चालत नाही आणि लागतही नाही. संघाचे कार्ड संघाच्या दारापुरते असते.

मग वर्गणी कशाची? आमच्या मते तीन गोष्टींची: रोजची सोबत, वेळेवर मिळणारी माहिती आणि गरज पडल्यास पाठीशी उभी राहणारी नोंदणीकृत संस्था. या तिन्हींची किंमत वर्षाकाठी काही शे रुपये असेल तर सौदा चांगला आहे. त्यापलीकडे संघामार्फत जे जे विकले जाते, म्हणजे विमा, सहल, तपासणीचे पॅकेज, गादी, गुंतवणूक, त्याचा हिशेब स्वतंत्र करायचा. वर्गणी आणि बाकीचे व्यवहार एकाच पिशवीत टाकले की गोंधळ होतो.

सोबतीबद्दल फार लिहायला नको. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने घरातली राहिलेली कामे पुरतात, मग संध्याकाळी पाच ते सातचे काय करायचे हा प्रश्न येतो. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, जोडीदार गेलेला, अशा माणसाला रोज ठरावीक वेळी जाण्याचे ठिकाण हवे असते. चांगल्या संघात आणखी एक न लिहिलेली सोय असते: कोणी दोन-तीन दिवस दिसले नाही की फोन जातो, उचलला नाही तर शेजारचा सभासद दार वाजवतो. संघ पारखताना हाच प्रश्न विचारा, की एखादा सभासद अचानक यायचा थांबला तर कोण चौकशी करते. उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर संघ जिवंत आहे.

माहितीचा फायदा कमी लेखू नका. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला काढता येतो, पण अनेकांना पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते, आणि बरेच संघ त्यासाठी शिबिर घेतात. गरजू ज्येष्ठांना दरमहा निवृत्तिवेतन देणाऱ्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा, वय ६५ पूर्ण हवे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, महिन्याला १,५०० रुपये मिळतात, हे कागदावर सोपे आहे. अर्ज अडकतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावर किंवा आधार आणि बँक खाते जोडलेले नसल्यामुळे. हे ज्याने आधी केले आहे अशा माणसाशेजारी बसून अर्ज भरला तर फेऱ्या वाचतात. एवढ्यासाठी सभासद असावेच लागते असे नाही, पण विचारायला जागा लागते. संघ जवळ नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे.

कायद्याने संघाला दिलेली जागा

तिसऱ्या फायद्याबद्दल सभासदांनाही फारसे ठाऊक नसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार मुले सांभाळत नसतील तर निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्याकडे हे काम उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांतसाहेब, पाहतात. महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता देण्याचा आदेश ते देऊ शकतात. वकील देण्याची मुभा या कायद्यात ठेवलेली नाही, त्यामुळे मदत करणाऱ्या माणसाला जास्तच महत्त्व येते.

कलम ५ म्हणते की ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. 'संस्था' म्हणजे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा अन्य कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी संघटना. म्हणजे तुमचा संघ नोंदणीकृत असेल तर तो अंथरुणाला खिळलेल्या सभासदाच्या वतीने अर्ज करू शकतो. समेट घडवणारा अधिकारी म्हणूनही अशा संस्थेच्या प्रतिनिधीची नेमणूक होऊ शकते. घर मुलाच्या नावावर करून दिले आणि नंतर मुलाने विचारणे सोडले, अशा वेळी कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून घेता येते, आणि तिथेही ज्येष्ठ असमर्थ असेल तर संस्था पुढे होऊ शकते. मात्र त्यासाठी बक्षीसपत्रात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असे स्पष्ट लिहिलेले असावे. ते नसेल तर लढाई अवघड होते. बक्षीसपत्र करण्याआधी हे सांगणारा कोणीतरी संघात भेटला तर आयुष्यभराची वर्गणी वसूल झाली म्हणायची.

नोंदणी नसलेला कट्टा यातले काहीच करू शकत नाही. बागेतला हास्यक्लब, देवळातले भजनी मंडळ किंवा सोसायटीतला ज्येष्ठांचा व्हॉट्सअॅप गट छान असू शकतो, तिथे वर्गणीही नसते, आणि फक्त सोबत हवी असेल तर तो पुरतो. तो कायद्याच्या नजरेत संस्था नसतो, एवढे लक्षात ठेवायचे.

स्थानिक संघ बहुधा वरच्या महासंघाशी संलग्न असतात. राज्यात फेस्कॉम या नावाने ओळखला जाणारा ज्येष्ठ नागरिक महासंघ आहे. तुमच्या वर्गणीतला थोडा भाग संलग्नतेपोटी तिकडे जातो. बदल्यात काय मिळते? बहुतेक वेळा अधिवेशन, मुखपत्र आणि मागण्यांचे बळ. रेल्वेची सवलत परत मिळावी म्हणून संघटना वर्षानुवर्षे निवेदने देत आल्या आहेत. निवेदनांना यश येतेच असे नाही, पण एकट्याच्या अर्जापेक्षा शेकडो संघांच्या ठरावाला वजन असते, हेही खरे. निवृत्तिवेतनधारकांच्या संघटनांचा मामला आणखी वेगळा आहे. ईपीएस-९५, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, हिच्याखाली किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि ते वाढावे म्हणून बुलढाण्यात दीर्घकाळ साखळी उपोषण चालले. तिथे वर्गणी भरणारा सोबतीसाठी जात नाही, लढ्यासाठी जातो. अशा संघटनेत एकच पथ्य पाळा: 'पुढच्या महिन्यापासून पेन्शन वाढणार' हा निरोप राजपत्रात किंवा कार्यालयाच्या परिपत्रकात दिसेपर्यंत खरा मानायचा नाही, आणि 'वाढीव पेन्शनच्या फाइलसाठी' कोणालाही वेगळे पैसे द्यायचे नाहीत.

पावती, दोन क्रमांक आणि ताळेबंद

संघ खरा की नावापुरता, हे तपासायला अर्धा तास पुरतो. महाराष्ट्रात असा संघ साधारणपणे दोन कायद्यांखाली नोंदवला जातो: सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. म्हणून लेटरहेडवर आणि पावतीवर दोन क्रमांक दिसायला हवेत. एक 'महाराष्ट्र' या शब्दाने सुरू होणारा सोसायटीचा आणि दुसरा 'एफ' ने सुरू होणारा धर्मादाय कार्यालयाचा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावाने शोध घेता येतो. तिथे सापडली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट १ चा उतारा मागता येतो. त्यात विश्वस्तांची अधिकृत नावे असतात.

ती नावे नीट वाचा. नवी कार्यकारिणी निवडून आली की ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो. अनेक संघ इथेच चुकतात. निवडणूक होते, हारतुरे होतात, फोटो छापून येतो, पण बदल अहवाल कोणी देत नाही. मग उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष आणि खजिनदार राहतात, त्यातले काही हयातही नसतात. एक दिवस बँकेत सह्या बदलायला गेले की बँक धर्मादाय कार्यालयाचा उतारा मागते आणि खाते अडकते. दोन गट पडले असतील तर दोघेही आपापला बदल अहवाल घालतात आणि निकाल लागेपर्यंत संघाच्या पैशाला कोणी हात लावू शकत नाही. अशा संघात आजीव वर्गणी भरणे म्हणजे आपले पैसे त्या भांडणात ठेवणे.

दुसरी तपासणी हिशेबाची. ३१ मार्चला वर्ष संपते, त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवे. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक वाटले जाते. सभासद होण्याआधी गेल्या वर्षाची प्रत मागा. 'सभासद नसलेल्याला देत नाही' असे कोणी म्हणाले तर एखाद्या सभासदाकडून पाहून घ्या. पाहायचे ते इतके: डाव्या बाजूला, निधी आणि देणी या भागात, 'आजीव सदस्य निधी' किती आहे? उजव्या बाजूला, मालमत्तेत, बँकेतल्या मुदत ठेवी किती आहेत? ठेवी निधीइतक्या किंवा जास्त असतील तर उत्तम. निधी ४ लाख आणि ठेवी ९० हजार असतील तर मधले पैसे आधीच्या वर्षांच्या सहली-संमेलनांत आणि सत्कारांत खर्च झाले. आणखी एक ओळ पाहा, 'हातची रोख शिल्लक'. संघासारख्या ठिकाणी ती दोन-चार हजारांच्या वर असण्याचे कारण नाही. पन्नास हजार रोख वर्षअखेरीला कोणाच्या कपाटात आहे, असा प्रश्न सभेत विचारायला लाजू नये.

आजीव सभासदत्वाचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पदाधिकारी त्याचाच आग्रह धरतात. समजा वार्षिक वर्गणी ३०० रुपये आणि आजीव ३,००० रुपये आहे. वरवर पाहता दहा वर्षांत पैसे वसूल. पण हेच ३,००० तुम्ही ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले आणि दर वर्षाच्या सुरुवातीला त्यातून ३०० भरत गेलात, तर ती रक्कम पंधरा-सोळा वर्षे पुरते. अडुसष्टाव्या वर्षी आजीव झालेल्या माणसाचा फायदा त्र्याऐंशीनंतर सुरू होतो. आता संघाच्या बाजूने बघा. तुमचे ३,००० ठेवीत टाकून त्याला वर्षाला २१० रुपये मिळतात, वार्षिक सभासदाकडून ३०० मिळाले असते. म्हणजे प्रत्येक आजीव सभासदामागे वर्षाला ९० रुपयांची खोट, आणि चहा, वीज, सभागृहाचे भाडे दरवर्षी वाढतच जाते. सगळे सभासद आजीव झालेला संघ दहा वर्षांत देणग्यांवर येतो, आणि देणगी ज्याची त्याचेच व्यासपीठ. म्हणून आमचे मत: पहिली दोन-तीन वर्षे वार्षिकच राहा. संघ आवडला आणि त्याला हातभार लावायचा असेल तर आजीव व्हा, पण ती बचत समजू नका.

वर्गणीला प्राप्तिकराची ८०जी सवलत मिळत नाही, ती देणगीला असते, तीही संस्थेकडे ८०जी प्रमाणपत्र असेल आणि तुम्ही जुनी कररचना निवडली असेल तरच. २,००० रुपयांवर रोख दिलेली देणगी धरली जात नाही. 'करात सवलत मिळेल' हे वाक्य ऐकून देणगी देऊ नका.

संघामार्फत विकल्या जाणाऱ्या गोष्टी

सामूहिक आरोग्य विम्यापासून सुरुवात करू, कारण चुकले तर सर्वांत महाग तिथेच पडते. योजना अशी मांडली जाते: वय कितीही असो, तपासणी नको, जुने आजार पहिल्या दिवसापासून, हप्ता बाजारापेक्षा कमी. यातले काही खरेही असते. पण या पॉलिसीचा धारक संघ असतो, तुमच्याकडे फक्त प्रमाणपत्र येते. मुदत एक वर्षाची. पुढच्या वर्षी विमा कंपनी त्या गटाने किती दावे केले ते पाहून हप्ता ठरवते किंवा नूतनीकरण नाकारते. गटात सगळेच साठीपुढचे असतात, भार वाटून घ्यायला तरुण सभासद नसतात. पहिल्या वर्षी दावे येतात, दुसऱ्या वर्षी हप्ता वाढतो, तो वाढला की धडधाकट सभासद बाहेर पडतात, उरलेल्यांत आजारी जास्त, म्हणून तिसऱ्या वर्षी हप्ता आणखी वाढतो. चौथ्या वर्षापर्यंत योजना बंद पडली तर नवल वाटू नये.

तोपर्यंत तुम्ही तुमची जुनी वैयक्तिक पॉलिसी सोडून दिली असेल तर अडचण खरी. वैयक्तिक पॉलिसीला आता काही संरक्षणे आहेत: जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावे लागते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. सामूहिक पॉलिसीवर तो १८ टक्के आहेच. तेव्हा सामूहिक विमा घ्यायचाच तर वरचा थर म्हणून घ्या, जुनी पॉलिसी चालू ठेवून. आणि हे विचारा: खोलीच्या भाड्याला मर्यादा किती, दाव्यातला किती टक्के भाग स्वतः भरायचा, मोतीबिंदू आणि गुडघ्याला वेगळी मर्यादा आहे का, आणि योजना बंद झाली तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. उत्तरे कंपनीच्या कागदावर हवीत. खजिनदारांचे 'सगळं कव्हर आहे' हे उत्तर दावा नाकारला गेल्यावर उपयोगी पडत नाही.

संस्थेचे नाव आणि विमा यांची जोडी कुठवर जाऊ शकते हे अमेरिकेत दिसते. तिथली एएआरपी ही १९५८ मध्ये स्थापन झालेली, पन्नाशीपुढच्यांची अवाढव्य संघटना. मुलांकडे जाऊन स्थायिक झालेल्या अनेक मराठी आई-वडिलांच्या हातीही तिचे कार्ड पडते. तिची वर्गणी किरकोळ आहे. संघटनेचे मोठे उत्पन्न आपले नाव विमा आणि इतर कंपन्यांना वापरू देऊन मिळणाऱ्या रॉयल्टीचे आहे, ते वर्गणीच्या कितीतरी पट. यात बेकायदा काही नाही आणि संघटना ज्येष्ठांसाठी भांडतेही जोरात. पण 'आमच्या सभासदांसाठी खास' असे छापलेली पॉलिसी बाजारात सर्वांत स्वस्त असेलच असे त्यावरून ठरत नाही. आपल्याकडचा संघ लहान असला तरी प्रश्न तोच विचारायचा: या विक्रीतून संघाला काय मिळते? बॅनर, संमेलनाचे जेवण की कमिशन? मिळत असेल तर मिळू दे, फक्त ते हिशेबात दिसायला हवे.

प्रयोगशाळेची '३० टक्के सवलत' मूळ दर विचारल्याशिवाय निरर्थक आहे. समजा १,८०० च्या तपासणीवर ३० टक्के सूट म्हणजे १,२६०, आणि कोपऱ्यावरची प्रयोगशाळा तीच तपासणी सर्वांना १,१०० त करते. मोफत शिबिरांत आणखी एक गोष्ट होते. रक्तदाब आणि साखर मोजताना नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक लिहून घेतात. पंधरा दिवसांत फोन सुरू होतात, गुडघेदुखीच्या तेलाचे, चुंबकीय गादीचे, 'हमखास परतावा' देणाऱ्या योजनांचे. शिबिरात मोबाइल क्रमांक देणे बंधनकारक नसते, रकाना मोकळा सोडला तरी साखर मोजली जाते. संघाने सभासदांची जन्मतारीख आणि फोनसह यादी वार्षिक अंकात छापू नये, असा ठरावच सभेत मांडावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी दिवस आणि महिना पुरतो, वर्ष लागत नाही.

गुंतवणुकीबाबत आमचे मत टोकाचे आहे आणि ते तसेच राहू द्यावे: संघाच्या ओळखीतून एक रुपयाही गुंतवू नये. संघ ज्या माणसांनी भरलेला असतो त्यांच्याकडे निवृत्तीची एकरकमी रक्कम असते आणि एकमेकांवर विश्वास असतो, हे विकणाऱ्यांना पक्के माहीत आहे. निवृत्त मॅनेजर सभासदाने स्वतः पैसे टाकले आहेत, त्याला तीन महिने व्याजही आले आहे, तो प्रामाणिकपणे इतरांना सांगतो, आणि चौथ्या महिन्यात कार्यालयाला कुलूप दिसते. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, मग अध्यक्ष कितीही ओळखीचे असोत. संघाने स्वतः सभासदांकडून 'ठेवी' घेऊन व्याज देणे तर सरळ बेकायदा आहे. ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

सहली बहुतेकांना आवडतात आणि आवडाव्यातही. पैसे संघाच्या खात्यात भरा, सहलप्रमुखाच्या मोबाइलवर नको. तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट नसलेली खोली, सकाळी सहाची निघण्याची वेळ आणि दर दोन तासांनी स्वच्छतागृह नसलेला रस्ता, या तीन गोष्टी आधी विचारल्या की अर्ध्या तक्रारी मिटतात. औषधांची यादी आणि मुलाचा फोन क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर हवा. मोबाइल बंद पडतो.

जी गैरसोय पत्रकात छापलेली नसते

महिनाभर पाहुणे म्हणून जाऊन बसा. बहुतेक संघ हरकत घेत नाहीत. जागा कोणाची आहे ते कळेल. पालिकेचे विरंगुळा केंद्र असेल तर भाडे नाममात्र असते, पण ते केंद्र कोणाच्या शब्दावर मिळाले आहे, हे निवडणुकीच्या वर्षात कार्यक्रमांच्या पाहुण्यांवरून लक्षात येते. एखाद-दुसरा सत्कार चालतो. दर महिन्याला शाल-श्रीफळ आणि तीच भाषणे असतील तर तुम्ही श्रोते म्हणून हवे आहात.

स्त्रिया किती येतात आणि किती बोलतात तेही पाहा. कित्येक संघांत बायका सभासद म्हणून यादीत असतात, पण तिळगूळ समारंभ आणि भोंडल्यापुरत्या. कार्यकारिणीत एकही स्त्री नसेल तर वेळा, विषय आणि स्वच्छतागृह सगळे पुरुषांच्या सोयीचे निघते. विधवा स्त्रीने एकटीने जाऊन बसावे असे वातावरण आहे का, हे फक्त तिथे जाऊनच कळते. काही गावांत स्त्रियांचे वेगळे संघ आहेत आणि ते जास्त जोमाने चालतात. त्याचप्रमाणे निवृत्त अधिकाऱ्यांच्या संघात गिरणीतून किंवा शेतीतून आलेला माणूस परका पडू शकतो. तसे झाले तर संघ बदलावा.

आणि मृत्यू. दर सभेची सुरुवात दोन मिनिटे उभे राहून होते, कधी एका नावाने, कधी चार. काहींना यातून बळ येते, आपण गेल्यावरही कोणीतरी उभे राहील असे वाटते. काही जण तीन महिन्यांत यायचे थांबतात, कारण ज्याच्या शेजारी बसायचे तोच गेला. दोन्ही स्वाभाविक आहे. नुकताच जोडीदार गमावलेल्या माणसाला मुलांनी घाईने संघात ढकलू नये. आधी सकाळच्या फिरण्याचा छोटा गट बरा.

सभासद व्हायचे ठरले तर अर्जासोबत वयाचा पुरावा आणि दोन फोटो पुरतात. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ अंक झाकलेली द्या आणि त्यावर 'फक्त सभासदत्वासाठी' असे लिहून तारीख टाका. छापील पावती घ्या, संघाच्या घटनेची (नियमावलीची) प्रत मागा आणि त्यातली दोन कलमे वाचा: मतदानाचा हक्क कधीपासून मिळतो आणि वर्गणी किती महिने थकली की सभासदत्व जाते. साठीच्या आतल्यांना 'सहयोगी' किंवा 'हितचिंतक' करून घेतात. त्यांना सहसा मत नसते.

सोडायचे असेल तर दोन ओळींचा राजीनामा सचिवांना लेखी द्या आणि पोच घ्या. वर्गणी परत मिळत नाही, आजीवही नाही, ते घटनेत आधीच लिहिलेले असते. संघाचा सामूहिक विमा घेतलेला असेल तर त्याची संपण्याची तारीख आधी पाहा आणि दुसऱ्या पॉलिसीचा कागद हाती आल्यावरच राजीनामा द्या, कारण काही योजनांत सभासदत्व संपले की प्रमाणपत्रही संपते.